पायताण न घालता

अप्पा,

काल तुमच्या नाटकासाठी दोघंजण घरी आले होते. एक मुलगी, बोलायला भारी गोड, आणि तिच्याबरोबर एक मुलगा, तो चहा पितापिता भिंतींचे फोटो काढत होता. त्यांना तुमचं नाटक पुन्हा बसवायचंय. तेच, एकाच माणसासाठी तीन बायका रडायला बसतात ते. वहीची झेरॉक्स कुणा जुन्या नटाच्या घरी सापडली म्हणे. वारस म्हणून माझी सही पाहिजे होती. मी चहा दिला, सही दिली नाही. विचार करून सांगते म्हटलं. विचार करायला माझ्याकडे पंचेचाळीस वर्षं होती, पण हे त्या पोरीला काय सांगायचं? ती म्हणाली, "काकू, त्या रडण्याच्या प्रवेशासाठी सरांनी गावोगाव फिरून केवढा अभ्यास केला असेल." तुम्ही कुठं फिरलात हो गावोगाव? नवी पेठेतलं शेठजींचं साड्यांचं दुकान ते घर, घर ते तालमीची शाळा, एवढंच तुमचं जग. पण तुम्हाला अभ्यासू म्हटलेलं ऐकून माझं डोकं फिरलं आणि ते दोघं गेल्यापासून मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेय. तुम्ही गेलात तेव्हा चव्वेचाळीसचे होतात. मी आता साठीची आहे. तुमच्यापेक्षा वयानं मोठी झाले की राग ओसरेल असं वाटलं होतं. तसं काही झालेलं नाही.

आधी तुमच्या बाजूचं लिहिते, म्हणजे नंतर मला कुणी एकांगी म्हणायला नको. तुम्ही चांगले होतात. दारू नाही, पत्ते नाहीत, आणि ज्या माणसावर नाटक लिहिलंत त्याच्यासारख्या भानगडी तर तुमच्या आसपासही नव्हत्या. दिवसभर गादीवर बसून बायकांना साड्या दाखवायचात आणि घरी येऊन ताटावर त्या बायका आम्हाला दाखवायचात. पन्नास साड्या उलगडून शेवटी पहिलीच घेणारी, नणंदेला बरोबर आणून तिलाच न विचारणारी, पदर खांद्यावर टाकून आरशाऐवजी नवऱ्याच्या तोंडाकडे बघणारी. मान जराशी वळवली की तुम्ही ती बाई व्हायचात. आई तोंडावर पदर घेऊन हसायची. मी तर घास हातात धरून बसायचे, कारण हसताना ठसका लागायचा. आपल्या घरात तुम्हाला हसवता येणं ही फार मोठी गोष्ट होती. तुम्ही सगळ्यांना हसवायचात, पण स्वतः सहजासहजी हसायचा नाहीत. मी आणि आई, दोघी आपापल्या परीनं तो प्रयत्न करायचो.

नाटक बसलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. दुकान बंद झालं की तुम्ही परस्पर शाळेत तालमीला जायचात आणि मलाही घेऊन जायचात, वही धरून बसायला. नाटक चांगलं होतं, आता नाही कशाला म्हणू. एक माणूस मेलाय. दहाव्याच्या दिवशी त्याची बायको घरात बसलीय, साधी, खेड्यातली. तेवढ्यात बार्शीची एक मास्तरीण येते, पांढरी साडी नेसून, आणि तीही त्याच्या फोटोपुढं बसून डोळे पुसायला लागते. मग तिसरी येते, कुर्डुवाडीची, तिचं तर दोन वर्षांपूर्वी त्याच्याशी देवळात माळ घालून लग्न झालेलं. प्रयोगात फोटोला हार घालायचा होता, पण हारासाठी जिवंत माणसाचा फोटो कोण देणार? शेवटी नुसत्या चौकटीला हार घालून ती प्रेक्षकांकडे पाठ करून ठेवली. तिघी भांडतात. आधी कुणी रडायचं, फोटोच्या जवळ कुणी बसायचं, कुणाचं रडणं खरं. मास्तरीण शुद्ध मराठीत रडते, कुर्डुवाडीची हातरुमालात रडते, आणि मग बायको तोंड उघडते आणि तिचा हेल सुरू होतो: "कुटं निघालासा ओ मालक, पायात पायताण न घालता." त्यावर मास्तरीण रडायची थांबते, पिशवीतून चपलांचा एक जोड काढते आणि म्हणते, हे माझ्याकडे राहिले होते. तिसरी उठून बाहेर जाते आणि टांग्यातून दुसरा जोड घेऊन येते. चौकटीपुढं दोन्ही जोड मांडले जातात आणि बायकोचा हेल चालूच असतो, "काट्याकुट्यातनं कोन ओ वाट दावंल." लोक खुर्च्यांवर मागं पडून हसायचे.

आता आईचं. करकंबची बाई तुम्ही करून आणलीत, तेव्हा तिच्याबरोबर तिचं रडणंही आलं होतं, हे तुमच्या शहरी घराला कधी कळलं नाही. आईच्या माहेरी बायका नुसत्या रडत नाहीत, बोलून रडतात. गेलेल्या माणसाला हाका मारून विचारतात, कुठं चाललास, बैलाला वैरण कोण टाकणार, तुझा गूळ फडताळात तसाच राहिला. त्यात एक नियम असतो, तो कुणी शिकवत नाही, पण सगळ्यांना माहीत असतो: खरं असेल तेच म्हणायचं. आणि घरच्या बाईनं सुरुवात करायची. ती तोंड उघडत नाही तोवर बाकीच्यांनी आवाज काढायचा नाही. आजोबा रानातच गेले, बाजेवर घालून घरी आणले तेव्हा त्यांचे पाय उघडे होते, चिखलाचे. आजी आधीच गेलेली, म्हणून मोठ्या लेकीनं, म्हणजे आईनं सुरुवात केली. "कुटं निघालास रं माज्या बापा, पायात पायताण न घालता. काट्याकुट्यातनं कोन रं तुला वाट दावंल." मी दहा वर्षांची, तिच्या पाठीशी उभी होते. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. तो वर जायचा, वरच थांबायचा आणि मग एकदम खाली यायचा, आणि तो खाली आला की बाकीच्या बायका तो उचलायच्या. मी घाबरले होते, एवढं मात्र नक्की आठवतं.

तुम्ही त्यातलं "रं माज्या बापा" काढलंत आणि "ओ मालक" घातलंत. एवढंच तुमचं लेखन. बाकी सगळं आईचं जसंच्या तसं.

पहिल्या प्रयोगाला आई तिसऱ्या रांगेत बसली होती, शेजारच्या काकूंबरोबर. जरीची साडी नेसून आली होती, डोक्यात अबोलीचा गजरा. मी विंगेतून तिच्याकडे बघत होते, कारण तिला हसताना बघायचं होतं. पहिल्या अंकात ती हसली. मास्तरीण आली तेव्हा तर शेजारच्या काकूंच्या हातावर टाळी दिली. मग हेल सुरू झाला. बायकोचं काम करणाऱ्या त्या टेलिफोन ऑफिसातल्या बाई, त्यांनी तो असा काही उचलला होता की वर जाऊन थांबायची जागासुद्धा चुकली नाही. सगळं थिएटर हसत होतं आणि आईनं हात मांडीवर ठेवला आणि तो तसाच ठेवून बसली. काकू हसताहसता तिला कोपरानं ढोसत होत्या. घरी जाताना टांग्यात तुम्ही एकटेच बोलत होतात, कुठं हशा आला, कुठं आला नाही, चपलांच्या जागी टाळ्यांमुळं पुढची तीन वाक्यं वाया गेली. आई गजरा काढून हातात धरून बसली होती. तुम्हाला वाटलं ती दमलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकऱ्या थापत होती. तुम्ही दाढी करून आलात, पाटावर बसलात, आणि तिनं मान वर न करता म्हटलं, "ते माज्या बापाचं व्हतं."

तुम्ही म्हणालात, नाटकात असं चालतं, सगळेच लेखक कुठून ना कुठून उचलतात. आणि कुणाला कळणार आहे ते कुणाचं?

"मला कळतंय की."

तुम्ही हसण्यावारी न्यायला बघितलंत. मग तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि विचारलं, तुमी कवा ऐकलं? आणि तुम्ही म्हणालात, ऐकलं, मयताच्या दिवशी, दारातनं. "दारात हुबं राहून ऐकत व्हता व्हय," ती म्हणाली, आणि भाकरी उलटली. तुम्ही दोन भाकऱ्या खाल्ल्यात, मला वाटतं नेहमीपेक्षा एक कमीच, आणि दुकानाला गेलात. संध्याकाळी इरकली साडी घेऊन आलात, हिरवी, लाल काठाची. तिनं ती घडी मोडून नेसली, कारण साडीनं काय केलं होतं? पण तुम्ही त्या साडीकडं बघून विषय मिटला असं धरून चाललात, याचा मला आजसुद्धा संताप येतो. माफी मागायला तोंडाला काय झालं होतं? रोज शंभर बायकांशी गोड बोलायचात.

आणि प्रकरण तिथं थांबलं असतं तरी ठीक होतं. त्या नाटकाचे प्रयोगावर प्रयोग झाले. करमाळ्याला, बार्शीला, गणपतीत तर चौकाचौकात. ते वाक्य गावभर झालं. कुणी घाईत निघालं की मागून हाक यायची, "कुटं निघालासा ओ मालक?" शाळेत मुली मला म्हणायच्या. भाजीवाली आईला म्हणायची, कौतुकानं, तुमच्या मालकांचं लई झ्याक हाय म्हणून. तुम्ही दुकानात गिऱ्हाइकांना तेच म्हणून दाखवायचात आणि शेठजी कानडीत काहीतरी बोलून पोट धरून हसायचे. आई पिशवीत भाजी घ्यायची, पुढं चालायची. मी तिचा हात धरलेला असायचा. तिचा हात ओढून मी तिला पुढं न्यायचे, एवढंच माझ्या हातात होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी तुम्ही गेलात. भर दुपारी, दुकानात, एका बाईला साडीचा पदर उलगडून दाखवताना. मांडीवर साडी तशीच, तुम्ही कलंडलात, गिऱ्हाईक बाईला आधी वाटलं तुम्ही गंमत करताय. दुकानातल्या दोघांनी रिक्षातून घरी आणलं. गादीवर बसायचं म्हणून चपला पायरीखाली काढलेल्या, त्या तिथंच राहिल्या. बाहेरच्या खोलीत तुम्हाला झोपवलं, आई आतून आली आणि तिनं पहिल्यांदा तुमच्या पायांकडं बघितलं. मी तिच्याकडं बघत होते. मला तिथंच कळलं आता काय होणार, आणि मला ते थांबवता आलं नाही.

गल्लीतल्या बायका जमल्या. सगळ्या तिच्या तोंडाकडं बघत बसल्या. ती तुमच्या पायाशी बसली, हात पायांवर ठेवला, आणि तो आवाज आला, करकंबचा, मी पाच वर्षांपूर्वी ऐकलेला. "कुटं निघालासा ओ..."

मागून कुणीतरी हसलं.

कोण ते मला माहीत आहे. वाईट बाई नव्हती ती. आई आजारी होती तेव्हा पंधरा दिवस तिनंच डबा दिला होता. तिला हसायचं नव्हतंच. ते वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी हसली होती, की ते कानावर पडल्याबरोबर तिच्या तोंडातून आपोआप निघालं. तोंडात पदर कोंबून ती मोरीकडं पळाली. पण तिच्या मागोमाग आणखी दोघी-तिघींचे खांदे हलले. आईनं ते बघितलं. तिचं तोंड उघडं होतं ते थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग मिटलं. घरच्या बाईनं हेल उचलला नाही, म्हणून बाकीच्या बायकाही गप्प बसल्या. मग तुमच्या बहिणीनं, आत्यानं, आपल्या मनानं काहीतरी सुरू केलं. तुम्हाला नेलं तेव्हा आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, कोरड्या डोळ्यांनी.

लोक बोलले. बोलणारच. दहाव्याला आत्या ओसरीत बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझ्या भावासाठी एक हुंदका नाही निघाला हिच्या तोंडातनं." आई आत तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि निवडत राहिली. मी पंधरा वर्षांची होते, मला बाहेर जाऊन सांगायला पाहिजे होतं की तिच्याकडं शब्दच शिल्लक ठेवले नाहीत, तुमच्याच भावानं नेले, थिएटरात नेऊन उधळले. मी ताट घासत बसले. आत्या मरेपर्यंत आईला दगडाच्या काळजाची म्हणत राहिली आणि ते नातेवाइकांत तसंच पसरलं. माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा कुणीतरी ते काढलं होतं.

एकदा, फार वर्षांनी, मी नोकरीला लागले होते तेव्हा, आईला विचारलं. म्हटलं, दुसरं काहीतरी म्हणून रडली असतीस, तेच वाक्य कशाला? ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "दुसरं कुटनं आनू? पाय उगडंच व्हते की त्येंचे. खरं त्येच व्हतं." आणि मग आणखी एक शेंग फोडून, माझ्याकडं न बघता, "त्येंनी मागितलं असतं तर दिलं असतं मी. हसून दिलं असतं." तुम्ही एकदा तरी विचारायला हवं होतं, अप्पा. ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. हे मला जास्तच लागलं, कारण मी होते. ती तुमच्यासाठी तीस वर्षं न रडता राहिली. नंतर कुणासाठीच रडली नाही, भावासाठी नाही, माझा पहिला मुलगा गेला तेव्हाही नाही, नुसती माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. आणि ती गेली तेव्हा मी तिच्या पायाशी बसले, बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि मी तुमच्या नाटकातली मास्तरीणच झाले, शुद्ध मराठीत डोळे पुसले.

तर सही मी करणार नाही. त्या मुलीला सांगेन की ते शब्द तुमचे नव्हते, आईचे होते, आणि ते मोकळे करण्याचा हक्क मलाही नाही. ती हुशार आहे, समजून घेईल.

पण तिला सांगणार नाही असं एक आहे, तेवढं लिहिते. तुम्ही करकंबला दारात नव्हतातच. तुमची एसटी चुकली होती. तुम्ही पोचलात तेव्हा आजोबांना नेलं होतं, तुम्ही परस्पर ओढ्याकाठी गेलात आणि मिळेल त्या गाडीनं तिथूनच परत फिरलात. आई आत बायकांत होती, तिला कसं कळणार? चौथ्या दिवशी मामानं मला शाळेसाठी सोलापूरला आणून सोडलं. घरात आपण दोघंच. तुम्ही पिठलं केलं होतं आणि ताट वाढतावाढता विचारलंत, कसं झालं गं सगळं? मी सांगितलं नाही. करून दाखवलं. तुमचा पंचा डोक्यावर घेतला आणि आईचा आवाज काढला. वर गेले, थांबले, खाली आले. तुमच्या ओठाचा कोपरा हलला, तो मला दिसला. मग मी कपाळ बडवून घेतलं, ते आईनं केलंच नव्हतं, ते माझं. तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात आणि म्हणालात, परत कर. मी तीनदा केलं. मला इतका आनंद नंतर कशानंच झाला नसेल. टेलिफोन ऑफिसातल्या बाईंना हेल जमत नव्हता तेव्हा मागच्या वर्गात बसून तो मीच त्यांच्याकडून घोटून घेतला.

आणि त्या सकाळी आईनं विचारलं, तुमी कवा ऐकलं, तेव्हा मी चुलीशेजारी वेणीला रिबीन बांधत बसले होते. तुम्ही म्हणालात दारातनं, आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी रिबीन बांधत राहिले. तुमच्यावर रागावणं मला तेव्हापासून फार सोयीचं पडलं.

आईला हे कधी सांगितलं नाही. शेवटच्या आजारात तिला वरणभात भरवताना एकदा अगदी ओठांवर आलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं, आणि मी विचारलं, मीठ बरोबर आहे का गं? व्हय, म्हणाली.

तिला लिहायवाचायला येत नव्हतं. घरी आलेलं प्रत्येक पत्र तुम्ही तिला मोठ्यानं वाचून दाखवायचात, एक ओळही न गाळता. आता ती तुमच्याचजवळ आहे, म्हणून हे पाठवत नाही.